विमानातली हवा : कुंभार, माती आणि श्वास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून काही जणांनी मला बाहेर गाठून विचारलंच, की सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे विमानाचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. तर आधी ते सांगतो.

तीनेक वर्षांपूर्वी आम्हा दोघांना मुलीकडे अमेरिकेला जायचं होतं. माझ्या पत्नीला फुप्फुसाचा जुना त्रास. प्रवासाची परवानगी घ्यायला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, रिपोर्ट पाहिले आणि मग विचारलं, "विमान कोणतं आहे?" मी कंपनीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "कंपनी नव्हे हो. विमान कोणत्या जातीचं आहे?" मला काही उत्तर देता येईना. तिकिटावर तारीख पाहिली होती, किंमत तर दहा वेळा पाहिली होती. विमान कशाचं बनवलंय याचा आपल्या श्वासाशी काही संबंध असेल, हे मनातच आलं नव्हतं.

त्या प्रश्नानं मी वाचायला लागलो. माणूस निवृत्त असला की एका प्रश्नावर तीन वर्षं काढू शकतो. त्यातून जे हाती लागलं ते आज मांडतो.

पहिली गोष्ट उंचीची. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडतं. तिथे बाहेरचं तापमान साधारण उणे 55 अंश सेल्सिअस, आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका. तिथे माणूस मिनिटाभरातच शुद्ध हरपेल. म्हणून बाहेरची हवा दाबून आत भरावी लागते. पण आतला दाब आपल्या घरातल्याइतका नसतो. नियम असा आहे की नेहमीच्या उड्डाणात आतली हवा 8000 फुटांवरच्या हवेपेक्षा विरळ होता कामा नये. 8000 फूट म्हणजे किती? आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे सुमारे 5400 फूट. म्हणजे जुन्या घडणीच्या विमानात तुम्ही खुर्चीवर बसून चहा पिता तेव्हा तुमचं शरीर कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी अडीच हजार फूट वर चढलेलं असू शकतं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश. निरोगी माणसाला त्याचं फार काही वाटत नाही. माझ्या पत्नीसारख्या माणसाला वाटतं.

दुसरी गोष्ट गमतीची. बाहेर उणे 55 अंश, तरी विमानाला हवा गार करायचं यंत्र लागतं. का? सायकलचा पंप जोरात मारून पाहा, नळी गरम होते. हवा दाबली की तापते. इंजिनातून घेतलेली दाबलेली हवा दोनशे अंशांपासून पाचशेच्या पुढेही जाते. ती थंड करून, तिच्यातलं पाणी काढून, योग्य दाबानं आत सोडायची. या सगळ्या व्यवस्थेला आपण विमानाची हवा-व्यवस्था म्हणू.

आता माझ्या जुन्या धंद्यातला एक शब्द वापरतो. आपल्याकडे कारणाची चर्चा करताना घटाचं उदाहरण ठरलेलं आहे. घट कशामुळे झाला? कुंभारामुळे, हे निमित्त कारण. आणि मातीमुळे, हे उपादान कारण. ॲरिस्टॉटलनंही हाच भेद केला. पण तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण कुंभारांचीच चरित्रं लिहितो. अमक्यानं शोध लावला, तमक्यानं पेटंट घेतलं. मातीचं चरित्र कुणी लिहीत नाही. माझं आज म्हणणं एवढंच आहे, की विमानातल्या हवेच्या इतिहासात कल्पना बहुतेक जुन्याच आहेत. त्या कधी चालतील आणि कधी अडगळीत पडतील, हे मातीनं ठरवलं. उद्याचंही तीच ठरवणार आहे.

सुरुवात करू 1851 पासून. अमेरिकेतल्या फ्लोरिडात जॉन गोरी नावाचे डॉक्टर होते. तापानं फणफणलेल्या रोग्यांच्या खोल्या गार करायचा त्यांना ध्यास होता. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच वाईट हवा, आणि त्या काळी रोग हवेतूनच येतो अशी समजूत होती. गोरींनी हवा दाबली, दाबलेली असतानाच तिची उष्णता काढून घेतली आणि मग ती पसरू दिली. पसरताना ती गार झाली, इतकी की बर्फ तयार झाला. त्यांना 1851 मध्ये पेटंट मिळालं, पैसा मात्र मिळाला नाही. 1855 मध्ये ते गेले. कल्पना बरोबर होती, पण त्या काळच्या ओतीव लोखंडाच्या, गळणाऱ्या दट्ट्यांच्या यंत्रात ती परवडेना.

पुढे स्कॉटलंडात बेल आणि कोलमन यांनी हेच तत्त्व जहाजांवर नेलं. स्ट्रॅथलेवन नावाचं जहाज ऑस्ट्रेलियातून गोठवलेलं मांस घेऊन 1880 मध्ये लंडनला पोचलं, ते अशाच हवेच्या यंत्राच्या जोरावर. पण मग अमोनियाची यंत्रं आली. तेवढ्याच गारव्यासाठी त्यांना कमी कोळसा लागायचा. हवेची यंत्रं हळूहळू भंगारात गेली. त्या वेळी कुणी इतिहास लिहिला असता तर 'एक फसलेली कल्पना' असंच लिहिलं असतं.

आणि विमानात तीच कल्पना परत आली! कारण विमानाची गरज निराळी. तिथे वजन महत्त्वाचं. हवा फुकट मिळते, गळली तर विषारी नाही, आणि तीच हवा शेवटी प्रवाशांना द्यायची असते. आज तुम्ही डोक्यावरची छोटी झडप फिरवता तेव्हा येणारी झुळूक बहुतेक विमानांत डॉक्टर गोरींच्या तत्त्वावरच गार झालेली असते. फरक एवढाच, की दट्ट्याच्या जागी आता मिनिटाला हजारो फेरे घेणारं, दोन हातांत मावेल एवढं चक्र आहे. तेवढ्या वेगाला टिकणारे मिश्रधातू आणि तेवढं अचूक यंत्रकाम गोरींकडे नव्हतं. कल्पना होती, माती नव्हती.

आता दाबाकडे येऊ. दाबयुक्त केबिनचं पहिलं प्रवासी विमान बोइंग 307, स्ट्रॅटोलायनर. 31 डिसेंबर 1938 रोजी ते पहिल्यांदा उडालं. जेमतेम 10 बांधली गेली. आपल्याकडे 1948 च्या जून महिन्यात मुंबई-लंडन सेवा सुरू झाली ती लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानानं, आणि तीही दाबयुक्त केबिनचीच. 1960 मध्ये बोइंग 707 आलं. हे लक्षात ठेवा, की कॉन्स्टेलेशनमध्ये आणि सुरुवातीच्या 707 मध्ये केबिनची हवा दाबायला वेगळे कॉम्प्रेसर होते. प्रवाशांच्या श्वासाची हवा बाहेरून घ्यायची आणि स्वतंत्र दाबायची. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

पण हवा आत भरली की ती बाहेर ढकलते. चाळीस हजार फुटांवर, आत 8000 फुटांचा दाब ठेवला, तर विमानाच्या पत्र्यावर दर चौरस मीटरला साडेपाच टनांहून जास्त जोर येतो. प्रत्येक उड्डाणात विमान फुग्यासारखं किंचित फुगतं आणि उतरल्यावर बसतं. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे.

हे आपल्याला शिकवलं कॉमेटनं. ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचं कॉमेट हे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. 2 मे 1952 रोजी ते सेवेत आलं. 10 जानेवारी 1954 रोजी इटलीजवळ एल्बा बेटाच्या आसमंतात एक कॉमेट हवेतच फुटलं, 35 माणसं गेली. 8 एप्रिलला नेपल्सजवळ दुसरं, 21 माणसं गेली. मग फार्नबरोच्या संशोधन संस्थेत एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत बसवलं आणि आत पाणी भरून दाब चढव-उतरव करत राहिले. पाणी का? तर ते हवेसारखं स्फोटानं फुटत नाही, तडा कुठे गेला ते दिसतं. त्या विमानानं आधी 1221 खरी उड्डाणं केली होती, टाकीत 1836 झाली, आणि 3057 व्या फेरीला केबिन फाटली. खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांत, रिव्हेटच्या भोकांच्या कडेला ताण साठत होता. हिशेबात तो कमी धरला गेला होता.

इथे मी थोडा थांबलो होतो. आपण म्हणतो 8000 फुटांची मर्यादा माणसाच्या शरीरावरून ठरली. अर्धं खरं आहे. शरीर तेवढं सहन करतं, हे खरं. पण आतला दाब आणखी वाढवला, तर ॲल्युमिनियमचा पत्रा जाड करावा लागतो, वजन वाढतं, इंधन वाढतं, तिकीट वाढतं. म्हणजे मर्यादा एका तडजोडीतून आली. धातूला जे झेपायला जड जात होतं, ते थोडंसं प्रवाशाच्या फुप्फुसावर टाकलं गेलं. कुणी दुष्टपणानं नाही, हिशेबानं. पण हिशेबात फुप्फुस निरोगी धरलेलं होतं.

2007 मध्ये एका नावाजलेल्या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात याचा अभ्यास आला. 502 स्वयंसेवकांना वीस तासांच्या कृत्रिम उड्डाणात बसवलं. 8000 फुटांच्या हवेत रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण सरासरी सुमारे 4.4 टक्के-अंकांनी उतरलं. पर्वतावरचा आजार कुणाला वाढला नाही, पण सात-आठ हजार फुटांच्या हवेत काही तासांनी अस्वस्थता वाढली. अभ्यासाला विमान बनवणाऱ्या कंपनीचाच पैसा होता, हेही सांगून ठेवतो.

साठच्या दशकात आणखी एक बदल झाला. वेगळे कॉम्प्रेसर गेले. जेट इंजिनात हवा दाबलेली असतेच, तीच थोडी काढून घ्यावी, असं ठरलं. यंत्रं कमी, वजन कमी, बिघाड कमी. व्यवहारी निर्णय. पण इंजिनात तेल असतं आणि ते रोखणारी सीलं कधीतरी झिजतात. मग तेलाची वाफ हवेबरोबर केबिनमध्ये येते. ऑस्ट्रेलियात बीएई 146 जातीच्या विमानांतल्या अशा धुराबद्दल सिनेटच्या समितीनं चौकशी करून 2000 मध्ये अहवाल दिला. दीर्घकाळच्या आजारांशी याचा संबंध किती, यावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही. पण वास येतो, कर्मचाऱ्यांना त्रास होतो, हे कुणी नाकारत नाही.

यावर कारागिरीनं अर्धं उत्तर फार आधी दिलं होतं. गारवा देणाऱ्या त्या चक्राचं बेअरिंगही पूर्वी तेलावर चालायचं. 1970 च्या सुमारास डीसी-10 विमानात असं बेअरिंग आलं, की आसाभोवती पातळ लवचिक धातूच्या पट्ट्या, आणि आस वेगानं फिरला की तो स्वतःच ओढलेल्या हवेच्या थरावर तरंगतो. तेलाचा थेंब नाही. पट्टीवरचा लेप मात्र असा हवा, की सुरू होताना आणि थांबताना होणारं घर्षण सोसेल. पाहा, पुन्हा मातीच! आज बहुतेक विमानांत ही बेअरिंगं आहेत आणि प्रवाशाला त्यांचं नावही ठाऊक नाही. इंजिनाचं तेल मात्र तिथेच राहिलं.

ही व्यवस्था किती गुपचूप काम करते ते 2018 च्या सप्टेंबरात दिसलं. मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका विमानात इंजिनातून हवा घेण्याची कळ चालू करायची राहून गेली. दाब उतरला, मास्क खाली आले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं. विमान परत मुंबईला उतरलं, सगळे वाचले. 2005 मध्ये सायप्रसहून निघालेलं हेलिऑसचं विमान वाचलं नाही. दाबाची कळ चुकीच्या स्थितीत राहिली, वैमानिक बेशुद्ध झाले आणि ग्रीसमध्ये 121 माणसं गेली.

आता अलीकडे. बोइंग 787 डिसेंबर 2009 मध्ये उडालं आणि 2011 मध्ये सेवेत आलं. वजनानं जवळपास अर्धं विमान कार्बन तंतूंच्या संमिश्राचं, म्हणजे रेझिनमध्ये बसवलेल्या तंतूंचं. त्याला ॲल्युमिनियमसारखा थकवा येत नाही, गंज चढत नाही. म्हणून आतला दाब 6000 फुटांइतका ठेवता आला आणि हवेत थोडी जास्त ओल ठेवता आली. 6000 फूट म्हणजे कळसूबाईच्या थोडंसंच वर. दाब समुद्रसपाटीच्या 80 टक्के. आणि हवा? ती इंजिनातून घेत नाहीत. बाहेरून घेऊन, विजेवर चालणाऱ्या वेगळ्या कॉम्प्रेसरनं दाबतात! म्हणजे कॉन्स्टेलेशनची, 707 ची कल्पना परत आली. आधी ती का गेली होती? वजनामुळे. आता का परवडते? कारण मोटारी, चुंबकं आणि वीज हाताळणारे अर्धवाहक बदलले. या विमानाच्या दोन इंजिनांवर मिळून चार जनित्रं आहेत, प्रत्येकी 250 किलोव्होल्ट-अँपियर. 1960 मध्ये हे स्वप्नच होतं.

पण घाई नको. एअरबसच्या ए350 विमानाचं अंगही संमिश्राचंच आहे, आतला दाबही 6000 फुटांचा, तरी हवा इंजिनातूनच येते. दोन नामांकित कुंभार, जवळपास एकच माती, आणि घट वेगवेगळे. माती काय शक्य आहे ते सांगते. त्यातलं काय निवडायचं हे माणसंच ठरवतात. माझ्याच सिद्धांताला ही मर्यादा आहे, ती मान्य करायला हवी.

आता उद्याचं पाहू. या व्यवस्थेतला जडसर भाग म्हणजे उष्णता-विनिमयक. मोटारीचा रेडिएटर डोळ्यांपुढे आणा. पातळ पत्रे, मध्ये नागमोडी पट्ट्या, थरावर थर रचायचे आणि निर्वात भट्टीत सुमारे सहाशे अंशांना डाख वितळवून सगळं एकजीव करायचं. पूर्वी हेच वितळलेल्या मिठाच्या कुंडात बुडवून करत. हजारो जोड, आणि प्रत्येक जोड म्हणजे उद्याची गळती. शिवाय आकार चौकोनी खोक्याचाच, कारण पत्रा तसाच रचता येतो.

त्याऐवजी आता लेझरनं धातूची भुकटी थरथर वितळवून अख्खा भाग उभा करता येतो. याला आपण साध्या भाषेत धातूचं थ्रीडी प्रिंटिंग म्हणतो. यातही एक जुनी कल्पना दडलेली आहे. 1970 मध्ये नासातल्या ॲलन शोन यांनी गायरॉइड नावाच्या पृष्ठभागाचं वर्णन केलं. जागेला दोन गुंतलेल्या पण कधीच न मिळणाऱ्या चक्रव्यूहांत वाटणारा अखंड वळणदार पडदा. एका वाटेनं गरम हवा, दुसरीनं थंड, मध्ये फक्त पातळ भिंत. उष्णता-विनिमयाला याहून चांगलं काय हवं? पण तो घडवणार कसा? पत्रा वाकवून होत नाही, ओतून होत नाही. जवळपास अर्धं शतक तो कागदावर राहिला. आता लेझर आला आणि जगभरच्या प्रयोगशाळा गायरॉइडच्या मागे लागल्या आहेत.

हवेच्या नळ्यांचं तर झालंच आहे. लढाऊ एफ-18 विमानात हवा-व्यवस्थेच्या नळ्या नायलॉनच्या भुकटीपासून लेझरनं बनू लागल्या, तो या पद्धतीच्या प्रत्यक्ष वापराचा अगदी सुरुवातीचा दाखला. अडचणीच्या जागेतून जाणारी वाकडी नळी, जी पूर्वी अनेक तुकडे जोडून व्हायची, ती एकसंध झाली.

मग अडचण कुठे आहे? चार ठिकाणी आहे. एक, पारंपरिक पट्ट्या मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतक्या पातळ असतात, तेवढी पातळ आणि तरीही न गळणारी भिंत लेझरनं काढणं कठीण. दोन, भिंत खडबडीत होते, हवेला अडते. तीन, आतल्या चक्रव्यूहात न वितळलेली भुकटी अडकते. आणि चार, सगळ्यात महत्त्वाचं, आत तडा आहे की नाही हे बघणार कसं? कॉमेटचा तडा निदान बाहेरून दिसू शकत होता. इथे रोग्यासारखं सीटी स्कॅन करावं लागतं. शोध लावणं एक आणि 'यावर तीनशे माणसांचा श्वास सोपवतो' असं सही करून म्हणणं दुसरं.

आणखी एक दिशा आहे. आज केबिनमधली साधारण निम्मी हवा गाळून परत फिरवतात, निम्मी ताजी असते. अमेरिकी नियमानं दर प्रवाशाला मिनिटाला सुमारे पाव किलो ताजी हवा द्यावी लागते, आणि ती दाबायला इंधन जळतं. मग कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे पदार्थ वापरले तर ताजी हवा कमी लागेल, असा विचार चालू आहे. धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्या, ज्यांच्या संशोधकांना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्याकडे यासाठी आशेनं पाहिलं जातं.

इथे मात्र मला भीती वाटते. नवी माती मोकळीक देते. ती मोकळीक कुणाच्या पदरात पडायची? संमिश्रामुळे वाचलेल्या ताकदीतला काही भाग प्रवाशाच्या श्वासाला मिळाला, 8000 चे 6000 झाले. हवा शोषकांनी वाचवलेलं इंधन मात्र कंपनीच्या ताळेबंदात जाईल, आणि ताजी हवा कमी होईल. दोन्ही गोष्टी अभियांत्रिकीत 'सुधारणा' याच नावानं लिहिल्या जातील. इंधन वाचणं वाईट नाही, पृथ्वीलाही फुप्फुसं आहेत. पण निर्णय होताना त्या टेबलावर माझ्या पत्नीसारख्या प्रवाशाच्या बाजूनं कुणी बसलेलं हवं. नियम हेच ते माणूस. म्हणून 'किमान किती हवा' हा नियम मला कोणत्याही मिश्रधातूइतकाच महत्त्वाचा वाटतो.

असो. वेळ झाली. एक प्रश्न घेऊ.

(प्रश्न : सर, मग आम्ही तिकीट काढताना काय बघायचं?)

तिकीट काढताना विमानाची जात लिहिलेली असते, बारीक अक्षरात. ती वाचा. घरात कुणाला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर ते नाव डॉक्टरांना सांगा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. ऐनवेळी विमान बदलू शकतं, म्हणून औषधं आणि ऑक्सिजनची सोय आधीच विचारून ठेवा. आम्ही शेवटी तारीख चार दिवस पुढे ढकलली, 6000 फुटांचं विमान मिळावं म्हणून. चौदा तास हिच्या बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावून मी दर तासाला आकडा वहीत लिहीत होतो. शेवटी ही वैतागून म्हणाली, "अहो, झोपा आता. मी श्वास घेतेय." ती वही अजून जपून ठेवलीय.